नेवऱ्यांचे वाटीतले प्रमाण ग्रॅममध्ये कसे आणावे?

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, प्रमाण सासूबाईंच्या वहीत वाट्यांनी लिहिलेले आहे: सारणाला बारीक रवा, तेवढेच किसलेले सुके खोबरे, त्याहून थोडी कमी पिठीसाखर आणि पारीला मैदा. यंदा नात्यातल्या काही घरांसाठीही नेवऱ्या करायच्या असल्यामुळे हे सारे किलोच्या हिशेबात मांडावे असे मनात आहे, पण निरनिराळे तक्ते पाहून गोंधळच वाढला. मैद्याचा कप कोणी 120 ग्रॅमचा सांगतो, कोणी 140 च्या पुढचा. शिवाय अमेरिकी कप सुमारे 237 मिलीचा आणि मेट्रिक कप 250 मिलीचा, तर आमची वाटी या दोहोंपैकी कोणतीच नाही.

वाटी काठोकाठ पाण्याने भरून काट्यावर ठेवली, तेव्हा पाण्याचे वजन 180 ग्रॅम भरले, म्हणजे वाटी 180 मिलीची. त्या हिशेबाने 240 मिलीच्या कपातला 120 ग्रॅम मैदा आमच्या वाटीत 90 ग्रॅम व्हायला हवा. चाळून चमच्याने अलगद भरला तर साधारण तेवढाच भरतो, मात्र वाटी सरळ डब्यात बुडवून भरली की त्याच वाटीत शंभराच्या वर जातो. यातले कोणते वजन धरावे? वहीत ‘सपाट’ की ‘शिगेची’ याचाही उल्लेख नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद:

पाण्याने वाटी मोजलीत हे उत्तम केलेत, पण मैद्यासाठी तक्ता बाजूला ठेवा. सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या सवयीने वाटी भरू द्या, तुम्ही फक्त तोला. असे चार-पाच वेळा करून सरासरी काढली, की त्यांच्या हाताचे प्रमाण सापडेल आणि शिगेचा प्रश्नही आपोआप सुटेल. शीग तर वाटीच्या तोंडावरही अवलंबून असते, कारण पसरट वाटीवर ती पुष्कळ मोठी चढते.

रव्याच्या बाबतीत तक्त्यावर थोडाफार विसंबता येईल, कारण तो मैद्याइतका दबत नाही. 180 मिलीच्या सपाट वाटीत साधारण 120 ते 130 ग्रॅम बसतो. खोबऱ्याला मात्र कोणताही आकडा लावू नये. किसणी बारीक की जाड आणि कीस दाबला की नाही, यावर सारे ठरते. साखरेच्या रकान्यात विशेष लक्ष द्यावे: दाणेदार साखरेचा कप 200 ग्रॅमच्या आसपास असतो, तर पिठीसाखरेचा जेमतेम 120. एकीचा आकडा दुसरीला लावला तर सारण तोंडात धरवणार नाही.

सारणात पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी चालते, पण पारीसाठी मैदा आणि पाणी दोन्ही तोलून घ्यावे, आणि पाणी थोडे हातचे राखावे, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत पीठ आधीच ओलावा धरते. वेलचीपूड घरगुती काट्यावर नीट तोलली जात नाही, तिला चमचाच बरा. आणि परात काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला विसरू नका.