भुलीत भूल कुणाची?

अनुस्वार: रुग्णांसाठीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन काही दिवस उतरतं, बायकांचं इस्ट्रोजेन हे हार्मोन घटू शकतं, पाळी मागेपुढे होते, असा मजकूर. मी लिहिलं, 'हा परिणाम केवळ भुलीमुळे होत नाही.' तपासणाऱ्यांचा शेरा आला: 'कोणाच्या भुलीमुळे?' आता 'संज्ञाहरण' करू का?

वेलांटी: नको गं! सीताहरणाची बहीण वाटते. डॉक्टरसुद्धा 'भूल देतो' म्हणतात.

ऱ्हस्वदीर्घ: शेरा अगदीच चुकीचा नाही. 'चूकभूल द्यावी घ्यावी'मधली भूल हीच. प्राकृतात 'भुल्ल' आहे. चुकणं, विसरणं, भुरळ पडणं, सगळं त्याच घरातलं.

वेलांटी: मग पाठीत सुई देतात तिला काय म्हणायचं? माझ्या सिझेरियनला मी टक्क जागी होते, डॉक्टरांच्या गप्पा ऐकत. ना चुकले, ना विसरले. ते 'बधिरीकरण'.

नाडीपरीक्षा: पत्रकात हा फरक कराच. जखमेची वर्दी मज्जातंतूंमार्फत मेंदूला पोचली की कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स वाढतात आणि मेंदूकडून जननग्रंथींना (वृषण, अंडाशय) जाणारे हुकूम मंदावतात. कमरेखालच्या ऑपरेशनला पाठीतून भूल दिली तर ती वर्दी बरीचशी वाटेतच अडते. म्हणजे मुख्य आरोपी सुरी, भूल नव्हे.

अनुस्वार: त्यालाच मी 'शरीरावरचा ताण' म्हटलंय. लोक ऑपरेशनचं टेन्शन समजतील का?

ऱ्हस्वदीर्घ: समजणारच. 'क्षोभ' लिहा. आणि 'हार्मोन' काढून 'संप्रेरक' करा. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १९०५ साली 'हार्मोन' शब्द रूढ केला तो ग्रीक 'चेतवणे'वरून. आपला 'प्रेरक' तंतोतंत बसतो.

वेलांटी: टेस्टोस्टेरॉन चालतं आणि हार्मोन विटाळतं? मग त्यालाही 'पुंप्रेरक' करा, म्हणजे पत्रक कुणी वाचायलाच नको.

ऱ्हस्वदीर्घ: 'दूरदर्शन'लाही असेच हसले होते.

नाडीपरीक्षा: शब्दांच्या नादात एक राहायला नको. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरवायला सुगामाडेक्स दिलं असेल, तर हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पुढचे ७ दिवस विसंबू नये. हार्मोन नसलेलं दुसरं साधनही वापरायचं.

अनुस्वार: आहे ते. 'सुगामाडेक्स हा त्यावरचा उतारा' असं लिहिलंय.

वेलांटी: गेलं! आता तपासणारे विचारतील, 'कुठल्या पुस्तकातला?'

ऱ्हस्वदीर्घ: किंवा लिंबू-मिरची शोधतील. तसा 'उतारा' उत्+तॄ वरून…