२०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी स्टीलच हवं का?

रानवाटा: नवीन कुणी बीआरएमसाठी (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) सायकल शोधू लागला की सल्ला ठरलेला: "स्टील घे, अलॉय (म्हणजे ॲल्युमिनियम) हाडं खिळखिळी करतं." मला हे अजिबात पटत नाही. फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण, आणि त्रिकोण उभ्या दिशेने जवळजवळ दबतच नाही, धातू कुठलाही असो. खड्ड्याचा दणका आधी टायर झेलतो, मग सीटपोस्ट आणि सीट. २५ मिमीच्या टायरात १०० पीएसआय हवा ठासायची आणि बोल फ्रेमला लावायचा! ३२ मिमी टाका, हवा ६०च्या आसपास ठेवा, मग सांगा.

जुना_गियर: मागच्या त्रिकोणापुरतं ठीक. पण फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुभंगलेला भाग, त्रिकोण नाही. तो वरच्या टोकाला धरलेला, खाली मोकळा. स्टीलचा बारीक, पुढे वळवलेला फोर्क खरोखर लवतो. रात्रभर चालवल्यावर तळहातांना फरक कळतो, त्याला भ्रम म्हणू नका.

रानवाटा: भ्रम नाहीच, पण श्रेय आकाराचं आहे. ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश (७० आणि २०० गिगापास्कल). नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की वाकण्याला विरोध आठपट होतो. १९८३पासून कॅननडेल या सायकल कंपनीने अशाच मोठ्या व्यासाच्या नळ्या वापरल्या आणि अलॉय 'कडक' ठरलं. त्याच काळातली व्हिटस ९७९ ही रेसिंग सायकल अलॉयचीच, पण नळ्या बारीक, म्हणून लवचिक. नामवंत आयरिश रेसर शॉन केली तीच चालवायचा.

घाटमाथा: चढाचंही बोला. उभं राहून पेडल मारताना बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो फ्रेमचा भाग) डावी-उजवीकडे डुलतं, ते वजनदार माणसाला नको असतं. कार्बनमध्ये धाग्यांची दिशा बदलून तिथे ताठ आणि सीटस्टेला (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) थोडं लवचिक ठेवता येतं. धातूच्या नळीत एवढी मोकळीक नाही. लांब पल्ल्याला माझी पसंती कार्बनलाच.

जुना_गियर: रानवाटा, हिशेब बरोबर आहे. पण रिम ब्रेकच्या बहुतेक रोड फ्रेममध्ये ३२ बसतच नाही, कित्येकांत २८ सुद्धा कॅलिपरला (ब्रेकच्या चिमट्याला) घासतो. ज्याला २५वरच भागवायचं आहे त्याला तुमच्या टायरच्या सल्ल्याचा काय उपयोग? त्याच्यासाठी बारीक स्टीलचा फोर्क हाच खरा आराम, आणि मी तोच सुचवत राहणार.