मदत हवी आहे: सप्टेंबरअखेर बाबांना हरिश्चंद्रगडावर नेऊ का?

नमस्कार मंडळी. गडावर माझ्या दोन फेऱ्या झाल्यात, दोन्ही खिरेश्वरहून टोलारखिंडीमार्गे. जुलैत कोकणकड्यावर धुक्याशिवाय काही दिसलं नाही, आणि खिंडीवरच्या कातळटप्प्यात रेलिंग सोडवत नव्हतं. जानेवारीत तीच वाट कोरडी ठणठणीत, पण रात्री थंडीने झोप लागली नाही.

आता बाबांना सोनकीच्या रानफुलांनी पिवळं झालेलं पठार बघायचंय. वय ६४, रोज चालतात, पण उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. तरुणपणी ते इथे आले होते आणि केदारेश्वराच्या गुहेतलं गार पाणी अजून आठवतात. त्यांना एकदा वर न्यायचंच आहे.

त्यांच्यासाठी पाचनई गावातून चढणारी वाट सोपी, हे ठाऊक आहे. पण पाऊस ओसरताना तिथल्या कातळावर शेवाळ किती असतं? कड्याखालून जाताना ओढे ओलांडायला त्रास होतो का? सकाळी चढून संध्याकाळपर्यंत खाली यावं, की गुडघ्याला विश्रांती म्हणून वर मुक्काम करावा? घरच्या वडीलधाऱ्यांना या दिवसांत कुणी नेलं असेल तर किती वेळ लागला, तेही सांगा. शेवाळ जास्त असेल तर मी डिसेंबरपर्यंत थांबेन, पण तेव्हा सोनकी नसेल.