‘थायरॉईड वाढलाय’ म्हणजे नक्की काय वाढलंय?

विटेकर: आमच्या आत्तीचा रिपोर्ट आला, टीएसएच ११. घरात सगळे म्हणतायत, “थायरॉईड वाढलाय.” गळा तर सपाट दिसतोय. मग वाढलं काय? गलगंड म्हणतात तो हाच का?

मिरजवाली: आपल्याकडे ग्रंथी, हार्मोन, आजार, रिपोर्टातला आकडा, सगळ्यांना एकच शब्द: थायरॉईड. (“थायरॉईड घेतली का?” असं गोळीलाही म्हणतात!) आत्तीचा वाढलाय तो टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, आणि तो थायरॉईडमध्ये बनतच नाही. मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते. थायरॉईडचं हार्मोन बनवायचं काम मंदावलं की पिट्युटरी टीएसएच वाढवून तिच्यामागे तगादा लावते. म्हणजे आकडा चढलाय, काम उतरलंय.

कृष्णाकाठ: गलगंड हे नाव आकाराचं, कामाचं नव्हे. मोठ्या माणसाची ग्रंथी साधारण १५ ते २५ ग्रॅमची. ती फुगली की गलगंड. कारखान्याचं आवार मोठं म्हणून गाळप जास्त, असं थोडंच असतं? आयोडीन कमी पडलं तर ग्रंथी वाढते आणि वाढून कसंबसं काम भागवते. गळा सुजलेला, रिपोर्ट नॉर्मल. ग्रेव्हजच्या आजारात मोठी झालेली ग्रंथी हार्मोनही जास्त सोडते. हाशिमोटो नावाच्या थायरॉईडच्या आजारात उलटं: फुगलेली असली तरी काम कमी, आणि काहींची तर पुढे आक्रसून जाते.

वाईकर: गलगंड आणि गंडमाळ यांचीही गल्लत होते. आमची आज्जी मानेवरच्या कुठल्याही गाठीला गंडमाळच म्हणायची. खरी गंडमाळ म्हणजे मानेच्या बाजूला ओळीनं आलेल्या लसीका ग्रंथींच्या गाठी, बहुधा क्षयाच्या. गलगंड पुढं, कंठमण्याच्या खाली. आरशासमोर मान जरा वर करून पाण्याचा घोट घ्या. गिळताना गलगंड वर सरकतो. पुस्तकात थायरॉईडला ‘अवटू ग्रंथी’ असतं, पण मेडिकलवाल्याला अवटूची गोळी मागून बघा!

विटेकर: मग म्हणायचं कसं?

मिरजवाली: “टीएसएच वाढलाय, थायरॉईडचं काम कमी झालंय.” दोन्ही बोलायचं. नुसतं ‘वाढलाय’ म्हटलं की ऐकणाऱ्याला हायपर (काम जास्त) वाटतं, आणि असतं हायपो (काम कमी).

विटेकर: आत्तीला तसंच सांगितलं. म्हणते, “कमी झालंय ना? मग गोळी कशाला?”

मिरजवाली: कमी पडतंय तेच हार्मोन गोळीतून द्यायचं असतं, म्हणावं. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर सकाळी उपाशीपोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर. चहा नंतर, निदान अर्ध्या तासानं.