मदत हवी आहे: साप चावल्यावर आधी भगत की आधी दवाखाना? घरच्यांशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. माझं घर जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर, मी नोकरीला नाशिकला. पावसाळा तोंडावर आलाय आणि धास्ती वाटतेय. आमच्याकडे साप चावला की आधी भगताकडे नेतात, मग जमलं तर दवाखान्यात.

याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. भगतबाबा हाकेच्या अंतरावर, रात्री-अपरात्री उठून येतात, नारळ-कोंबडीवर भागतं. दवाखान्यात जायचं तर गाडी शोधा, भाडं भरा, दोघांचा रोज बुडवा, आणि पुढे नाशिकला पाठवलं तर पोरांकडे कोण बघणार? शिवाय भगताकडे गेलेली बरीच माणसं खरंच बरी होतात. धामण, दिवड बिनविषारी. विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. पण घरच्यांनी माणूस उठून बसलेला डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यांना मी काय सांगू?

सगळ्यात जास्त भीती मण्यारीची. भुईवर झोपलेल्याला रात्री चावते. सूज नाही, फारसं दुखत नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, पापण्या मिटायला लागतात. साप कुणी पाहिलेलाच नसतो, म्हणून घरात ठरतं की हे बाहेरचं आहे. आणि बाहेरच्याला भगतच लागतो. श्वास अडकेपर्यंत दवाखान्याचं नावही निघत नाही. शेजारच्या पाड्यावरचा एक तरुण असाच गेला.

भगतबाबा आजोबांच्या वयाचे आहेत, आमच्या घरातलं प्रत्येक बारसं-लग्न त्यांनी पाहिलंय. त्यांचा मान राखूनच हे करायचंय. 'अंधश्रद्धा' म्हटलं की लोक उठून जातात. कुणी आपल्या गावात हे जमवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर होतो, त्यावरून सांगतो. बैठकीआधी भगतबाबांना एकटे भेटा. मंत्र थांबवा म्हणू नका, गाडीत बसून म्हणा, अशी विनंती करा. ते सोबत आले तर घरचेही लगेच निघतात. घट्ट दोरी बांधणं आणि चिरा देणं मात्र बंद व्हायला हवं. हात-पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवा. सरकारी रुग्णालयात विषरोधक इंजेक्शन मोफत असतं; नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच चालतं. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. मण्यारीला व्हेंटिलेटरही लागू शकतो, म्हणून पापणी मिटतेय दिसलं की निघाच.

प्रतिसाद २
दादा, मी मोखाड्याकडची आशा सेविका. आमच्या भगताचा नातूच जीप चालवतो, त्यामुळे सोपं गेलं. आधी मच्छरदाण्यांचं बघा. अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचली की मण्यार आत शिरत नाही. बायांना हे लवकर पटतं, कारण डासही थांबतात.

धागाकर्ता
डॉक्टरसाहेब, ताई, मनापासून आभार. या रविवारी भगतबाबांना भेटतो. आता गाडीचं सांगा: आमच्या पाड्यावर रेंज नाही, 108 ला फोनच लागत नाही. रात्रीसाठी गावातल्या जीपवाल्याशी आधीच ठरवून ठेवलंय का कुणी? भाडं कोण देतं?