ध्यानाला बसलं की स्वतःवरच टीका सुरू होते

प्रश्न: श्वासाकडे लक्ष द्यायला बसलं की लगेच "तुला एवढंही जमत नाही" सुरू होतं. काय करावं?

उत्तर १: तो विचार हाकलू नका, त्यानं तो आणखी चिकटतो. मनात फक्त "टीका" अशी नोंद करा आणि उच्छ्वास लांबवा: चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. मन भरकटल्याचं कळणं हाच तर सराव आहे!

उत्तर २: मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेचे, म्हणजे स्वतःकडे करुणेनं पाहण्याचे, तीन घटक मांडले: सजगता (मनात काय चाललंय याचं भान), स्वतःशी मायेनं वागणं आणि "हे सगळ्यांनाच होतं" ही जाणीव. तिसरा घटक गाळू नका. टीकेचं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवा. खाली, तेच जवळच्या मित्राला कसं सांगाल ते लिहा. खोटं कौतुक नको, मनाला ते पटत नाही.

उत्तर ३: डोळे मिटून अस्वस्थ वाटलं तर उघडे ठेवा, लक्ष तळपायांवर न्या.