मदत हवी आहे: क्रोमियम ऑक्साइडच्या पेलेटचा मॅग्नेटोइलेक्ट्रिक सिग्नल दुपारी गायब होतो (सोलापूर)

कडकभाकरी: पेलेट (पावडर दाबून केलेली चकती) १० मिमी व्यासाची, १ मिमी जाड, दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट. कॉइलमधून १ किलोहर्ट्झचं १० ओर्स्टेड क्षेत्र, लॉक-इनवर (ठरलेल्या फ्रीक्वेन्सीचाच सिग्नल वेगळा काढणारं उपकरण) व्होल्टेज. ५ किलोओर्स्टेड आणि ५०० व्होल्टखाली अ‍ॅनील केल्यावर (तापवून, क्षेत्रं चालू ठेवून थंड केल्यावर) सकाळी सिग्नल मिळतो, दुपारी जवळजवळ शून्य. दुसऱ्या सकाळी खोली थंड असली तरी परत येत नाही. पेस्ट निघाली म्हणावं तर कपॅसिटन्स तसाच आहे. खोलीत एसी नाही.

शेंगाचटणी: पेलेट ठणठणीत आहे. क्रोमियम ऑक्साइडचं नील तापमान (ज्याच्या वर चुंबकीय रचना मोडते) ३०७ केल्विन, म्हणजे ३४ अंश. त्याखाली स्पिन (अणूंचे छोटे चुंबक) स्फटिकाच्या सी-अक्षावर आलटून-पालटून वर-खाली लागतात; ही रचना इन्व्हर्जन (जागा उलटवणं) आणि टाइम रिव्हर्सल (काळ उलटवणं) या दोन्ही सममिती मोडते, म्हणून चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात विद्युत ध्रुवण होतं (हाच मॅग्नेटोइलेक्ट्रिक परिणाम, त्याचा गुणांक अल्फा). ३४ च्या वर रचनाच नाही, तर सिग्नल कुठून येणार? ‘रूम टेंपरेचर ३०० केल्विन’ हे पुस्तकात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये धरू नका. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पेलेटलाच चिकटवा, कॉइलचीही ऊब असते.

रात्री थंड होताना क्षेत्र नसतं. दोन विरुद्ध डोमेन (उलट-सुलट स्पिनरचनेचे भाग) सारख्याच प्रमाणात बनतात, त्यांच्या अल्फाची चिन्हं उलटी, बेरीज शून्य. म्हणजे ३४ ओलांडलं की अ‍ॅनीलिंग वाया. पुन्हा ३३० केल्विनपर्यंत तापवा, दोन्ही क्षेत्रं समांतर आणि चालू ठेवून २८० च्या खाली आणा, मग बंद करून इलेक्ट्रोड अर्धा तास शॉर्ट ठेवा. नाहीतर साठलेला चार्ज लॉक-इनच्या इनपुटवर येतो. मोजमाप बर्फ-पाण्यात करा, तिथे अल्फा कमालीच्या जवळ असतो. पेलेट बंद नळीत, सिलिका जेलसकट. दव धरलं की पृष्ठभागावरून गळती.

कडकभाकरी: कॉइलही बर्फात?

शेंगाचटणी: बाहेर. भांडं काचेचं घ्या. धातूच्या भांड्यात एडी करंटने (धातूत उपजणाऱ्या प्रवाहांनी) क्षेत्र घटतं.

तळ्याकाठी: केबलकडेही बघा. सिंगल क्रिस्टलचा अल्फा ४ पिकोसेकंद प्रति मीटर धरला तरी तुमच्या पेलेटवर चार्ज पाव पिकोकूलम. पेलेटमध्ये कणांच्या दिशा विखुरलेल्या, म्हणजे त्याहून कमीच. पेलेट ८ पिकोफॅरड, कोअ‍ॅक्स केबल मीटरला १०० च्या आसपास. मीटरभर केबलनेच व्होल्टेज दहा पटींहून खाली जातं. चार्ज अ‍ॅम्प्लिफायर लावा. आणि १००० हर्ट्झ ही घरगुती विजेच्या ५० हर्ट्झची पट आहे, ९७३ घ्या.

दुपारचं रीडिंग फेकू नका. ३४ च्या वर उरतं ते निव्वळ पिकअप (कॉइलमधून तारांत थेट शिरलेला सिग्नल). लॉक-इनचे एक्स आणि वाय हे दोन घटक थंड रीडिंगमधून वेगवेगळे वजा करा, मॅग्निट्यूड नव्हे. खात्रीसाठी फक्त विद्युत क्षेत्र उलटं करून पुन्हा अ‍ॅनील करा. फेज १८० अंशांनी फिरली तर सिग्नल खरा. दोन्ही क्षेत्रं उलटी केलीत तर मात्र काहीच बदलणार नाही.